बाळंतिणीची टॅक्सी

इंग्लंडमधल्या लेस्टरच्या बेलग्रेव्ह रोडवर डिंक मिळतो, अळीव मिळतात, खारकेची पूड मिळते. त्यामुळे इथलं बाळंतपण तसं रीतसर पार पडतं. सुरुवातीचे दिवस मिडवाइफ, म्हणजे सुईण, घरी येऊन जाते, मग हेल्थ व्हिजिटर, म्हणजे आई-बाळाकडे बघणारी नर्स, येते, सहा ते आठ आठवड्यांनी डॉक्टर आई आणि बाळ दोघांना तपासतात, आणि यातल्या कशाचंही बिल हातात पडत नाही. पुण्याला फोनवर हे सांगितलं की मावशी म्हणते, "मजा आहे बाई तुमची."

त्या मजेतला न सांगितलेला भाग आज सांगते. आमच्या भागातल्या एका केंद्रात बाळंतपणानंतर नैराश्य आलेल्या बायकांचा गट भरतो. पंजाबी, गुजराती, बंगाली, तमिळ, सगळ्या आपल्याकडच्याच. मी शेजारच्या खोलीत त्यांची बाळं सांभाळते. त्यासाठी माझी रीतसर पडताळणी झाली, प्रथमोपचाराचा वर्गही झाला. आतलं बोलणं मला ऐकू येत नाही, येऊही नये. पण कोण कशी येते, कोणासोबत येते, ते दिसतं. आणि माझं तर मत झालंय की निम्मा उपचार दारापर्यंत पोहोचण्यातच आहे.

हे नुसतं माझं मत नाही म्हणा. मानसोपचारतज्ज्ञ प्रा. नुसरत हुसेन यांच्या चमूने ब्रिटनमधल्या दक्षिण आशियाई बायकांसाठी 'रोशनी-2' नावाचा मोठा अभ्यास केला. 2024 मध्ये तो 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. 732 जणी होत्या. निम्म्यांना नेहमीचे उपचार आणि निम्म्यांना त्याच्या जोडीला गटातल्या 12 बैठका. पाया कॉग्निटिव्ह बिहेवियर थेरपीचा, म्हणजे खचवणारा विचार, त्यातून बदललेलं वागणं आणि त्या वागण्यातून आणखी खचणं, हा फेरा ओळखून तोडायला शिकवणाऱ्या पद्धतीचा. बैठका बायकांच्या भाषेत आणि वस्तीजवळच्या जागी व्हायच्या. येण्या-जाण्याची आणि मुलं सांभाळण्याची सोय केलेली. चार महिन्यांनी गटातल्या 49 टक्के बायका नैराश्यातून बाहेर आलेल्या होत्या, दुसरीकडच्या 37 टक्के.

उपचार आपल्या संस्कृतीला जुळवून घ्यायचा म्हणजे पत्रकावर साडीतल्या बाईचं चित्र छापायचं, असं इथल्या काही कचेऱ्यांना अजून वाटतं. खरी अडचण तिथे नसते. गटातून बरी होऊन गेलेली एक पंजाबी मुलगी आता माझी मैत्रीण आहे, तिला विचारूनच तिचं लिहिते. घरात सासू, सासरे, दीर, जाऊ. एकटं राहायला जागाच नाही, आणि तरी दिवसभरात तिच्याशी बोलायचं ते बाळाच्या दुधाबद्दल. आधी एका ठिकाणी तिला सल्ला मिळाला होता की स्वतःसाठी वेळ काढ, नको ते काम असेल तर स्पष्ट नाही म्हण. सात माणसांच्या घरातली धाकटी सून सासूला स्पष्ट नाही म्हणणार! गटात याच गोष्टीवर दोन बैठका गेल्या, ती सांगते. नाही म्हणायचं नाहीच. "मम्मीजी, याला अर्धा तास घ्या, मी न्हाऊन येते," एवढं म्हणायचं. तेही आधी एकमेकींसमोर म्हणून बघायचं. एक सासू व्हायची, एक सून. हसून हसून पुरेवाट झाली म्हणे.

तिचं दुखणं लक्षात यायलाही उशीर झाला, त्याचं कारण ऐकून मी सुन्न झाले. इथे बाळंतिणीला दहा प्रश्नांची एक प्रश्नावली देतात, एडिनबरा स्केल, 1987 साली तयार झालेली. गेल्या सात दिवसांत हसू आलं का, उगाच भीती वाटली का, असं विचारत विचारत शेवटी स्वतःला इजा करावीशी वाटली का, इथवर. दुभाषी फुकट मिळतो. पण त्या दिवशी कुणी बोलावला नव्हता, म्हणून सासूबाईच दुभाषी झाल्या. शेवटचा प्रश्न त्यांनी तिला विचारलाच नाही. परस्पर "नो, नो" म्हणून मोकळ्या झाल्या.

ती तरी खरं सांगणार होती का? बहुतेक नाही. मुलं काढून नेतील ही भीती आपल्या लोकांत फार खोलवर आहे. 2011 मध्ये नॉर्वेत एका भारतीय जोडप्याची मुलं सरकारने ताब्यात घेतली होती, ती गोष्ट इथल्या स्वयंपाकघरांत आजही निघते. नैराश्य आलंय म्हणून कुणी बाळ उचलून नेत नाही, हे गटात सुरुवातीलाच सांगावं लागतं आणि पुन्हा पुन्हा सांगावं लागतं.

आता आयटीतली मराठी मंडळी. "आमच्याकडे कुठली सासू डोक्यावर?" असं मंडळाच्या गणपतीत मला ऐकवतात. बरोबर आहे, आपली सासू फोनवर असते. आई व्हिसावर येते ती एका खेपेला जास्तीत जास्त सहा महिने, नवऱ्याची कायदेशीर रजा दोन आठवडे. आई परत गेली की फ्लॅटमध्ये ती आणि बाळ. आणि हे फक्त परदेशाचं दुखणं नाही. मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल आणि सहकाऱ्यांनी गोव्यात केलेला अभ्यास 2002 साली प्रसिद्ध झाला. तिथे बाळंतपणानंतर सहा ते आठ आठवड्यांत 23 टक्के बायकांना नैराश्य आढळलं. गरिबी, नवऱ्याशी बिनसलेलं नातं आणि मुलगा हवा असताना मुलगी होणं, यांनी धोका वाढतो असंही दिसलं. सव्वा महिना, शेक-शेगडी, मालिश असूनही.

रोशनीच्या आकड्यांतला एक मात्र मला टोचतो. वर्षभरानंतर दोन्ही बाजूंत फरक उरला नव्हता. माझा आपला अंदाज असा, की बैठका संपतात आणि घर तसंच राहतं. आमच्या जुन्या बायका व्हॉट्सॲपवर बोलतात, कधी बागेत भेटतात. त्याने किती टिकतं, बघू.

इंग्लंडमध्ये नवीन आलेल्यांसाठी एक सांगून ठेवते: एनएचएस टॉकिंग थेरपीज, म्हणजे सरकारी आरोग्यसेवेतली बोलण्यातून उपचार करणारी सेवा, तिच्याकडे डॉक्टरच्या चिठ्ठीशिवायही नाव नोंदवता येतं, आणि दुभाषी हवा असेल तर तेव्हाच मागायचा. आमच्या गटाचं अनुदान मार्चपर्यंत आहे. पुढच्या वर्षाच्या अंदाजपत्रकात समुपदेशकांचा पगार धरलाय; बायकांना आणणारी-नेणारी टॅक्सी आणि बाळांची खोली "ऐच्छिक" रकान्यात टाकलीय. त्यावर येत्या बैठकीत मी भांडणार आहे.