कोपऱ्यातला ठिपका

"सर, माझं नाव एकाही चिठ्ठीत नाही. म्हणजे साथ मला शेवटी गाठणार ना?"

वर्ग हसला. तोही हसला, जरा उशिरा.

प्रत्येकाने एका मित्राचं नाव लिहायचं, एवढंच होतं. २००९ च्या फ्लूच्या साथीत ख्रिस्ताकिस आणि फाउलर या संशोधकांनी हार्वर्डचे ७४४ विद्यार्थी असेच पाहिले: काही सहज निवडलेले, बाकीचे त्यांनी मित्र म्हणून सांगितलेले. मित्रांमध्ये साथ सुमारे १४ दिवस आधी पोचली. ज्याच्याकडे जास्त माणसं येतात, त्याच्याकडे विषाणूही लवकर येतो.

फळ्यावर प्रत्येक मुलाचा ठिपका काढून ते रेघांनी जोडताना हे किती सुंदर वाटतं!

प्रश्न विचारणाऱ्या त्या मुलाचा ठिपका कोपऱ्यात. त्याच्याकडे येणारी एकही रेघ नाही. मी "बरोबर" म्हणून पुढे गेलो.

त्याने कुणाचं नाव लिहिलं होतं, ते विचारायचं राहिलंच.