आमची वाटचाल : खालची तळी नाथसागरात

दुकानात आलेलं गिऱ्हाईक काउंटरशेजारचा दगड बघून हमखास विचारतं, "हे जातं विकायचंय का?" ते जातं नाही, जात्याची नुसती वरची तळी आहे. खालची नाथसागरात, म्हणजे जायकवाडी धरणाच्या पाण्याखाली.

पैठणच्या वरच्या अंगाला, गोदाकाठी आमचं गाव होतं. 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते जायकवाडीची पायाभरणी झाली, 1976 ला धरणाचं उद्घाटन. त्याआधीच आम्ही उठलो होतो. चौकटी, पत्रे, कणगी, सगळं बैलगाडीत चढलं. खालच्या तळीला जागा उरली नाही. "उद्या नेतो," म्हणून आजोबांनी ती ओट्यावर ठेवली. दुसऱ्या दिवशी ते गेले नाहीत. का, ते कधी बोलले नाहीत. मावेजा मिळाला तो देणी फेडण्यातच गेला.

औरंगाबादेत आजोबा जुन्या मोंढ्यात हमाली करू लागले. आजीनं पाथरवटाकडून नवी खालची तळी घडवून घेतली, पण तिचं नि वरचीचं कधी जमलं नाही. दळण एका बाजूनं जाड पडायचं. आजी नवीला 'सवत' म्हणायची. त्याच जात्यावर तिनं गल्लीतल्या लग्नघरांचं येसर, म्हणजे आमटीचा भरड मसाला, दळून द्यायला सुरुवात केली. गहू, हरभरा डाळ, धने, खोबरं, दगडफूल, सगळं वेगवेगळं भाजायचं. एकत्र भाजलं तर धने करपतात आणि डाळ कच्ची राहते. आमचा धंदा म्हणजे एवढंच. बाकी लायसन्स, पाकिटं, लेबल ही नंतरची भर.

2009 मध्ये वडिलांनी पल्वरायझर, म्हणजे मसाला दळायचं मशीन, घेतला. पहिला घाणा इतका बारीक निघाला की आमटी खळीसारखी झाली. निम्मी पाकिटं परत आली. आजीनं चिमूट बोटांत चोळून पाहिली. "लेकरा, हे पीठ झालं, येसर नाही. हाताला रवा लागला पाहिजे." जाळी बदलली, दोन दिवस नुसतं दळून बघत बसलो. आजही प्रत्येक घाण्याची चिमूट कुणीतरी चोळतंच. मशीनवर माझा तेवढा भरवसा नाही.

आजी गेल्यावर 'सवत' गावाकडच्या एका आत्याकडे गेली. वरची तळी मी दुकानात आणली.

2019 च्या उन्हाळ्यात धरण मृतसाठ्याच्याही खाली गेलं. वडील तळीचा घेर सुतळीनं मोजून जुन्या गावात गेले. भेगाळलेला गाळ, जोत्याचे दगड, आणि गाळात रुतलेल्या दोन तळ्या. एक सुतळीपेक्षा चार बोटं मोठी, दुसरी अर्धी फुटलेली. ओटा कुठला, तेही ओळखू येईना.

ऑगस्टात नाशिककडे पाऊस झाला आणि धरण भरलं. सुतळी अजून वरच्या तळीच्या खुंट्याला बांधलेली आहे.