बागेचे वर्ष ऑक्टोबरात सुरू होते

मृगाच्या सरी पडल्या की पुण्यातल्या रोपवाटिकांत झुंबड उडते. लावणीसाठी जून उत्तमच. पण निगराणीचा विचार केला, तर सह्याद्रीच्या पूर्वेकडील पठारी भागात घरगुती बागेचे वर्ष परतीचा पाऊस सरल्यावर, म्हणजे ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास सुरू होते, असे माझे ठाम मत आहे. इंटरनेटवर मिळणाऱ्या बहुतेक वेळापत्रकांत मार्च हा नव्या सुरुवातीचा महिना असतो. ती थंड देशांसाठी लिहिलेली असतात. आपल्याकडे मार्चमध्ये रोपांना ऊन कसे सोसेल याची काळजी लागते.

चार महिने पावसाचा मारा खाल्लेली काळी माती ऑक्टोबरात घट्ट बसलेली असते, तिच्यातला नत्र बराचसा निचरून गेलेला असतो आणि वरच्या थरावर उन्हाने पापुद्रा धरू लागतो. अशा मातीवर नुसते खत टाकून पाणी देण्यात फारसा अर्थ नसतो. आधी खुरपणी हवी, आणि तीही वाफसा आल्यावरच. मूठभर माती दाबून पाहावी: ती हाताला चिकटली तर दोन दिवस थांबावे, गोळा होऊन बोटाच्या टोच्याने फुटली तर खुरपे हाती घ्यावे. झाडाची अन्न घेणारी मुळे वरच्या थरातच असल्यामुळे दोन-तीन इंचांपेक्षा खोल जाऊ नये. त्यानंतर कुजलेले शेणखत आणि थोडी निंबोळी पेंड मातीत मिसळावी. कुंड्यांच्या बाबतीत तळाचे भोक मुळांनी किंवा गाळाने बुजले आहे का, हे कुंडी आडवी करून पाहणे अधिक महत्त्वाचे.

जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनातले गुलाब पाहून आल्यावर ‘आमच्याकडे अशी फुले का येत नाहीत?’ असे अनेक जण विचारतात. त्याचे निम्मे उत्तर ऑक्टोबरातल्या छाटणीत असते. जमिनीतल्या गुलाबाचे पाणी काही दिवस तोडून, वाळलेल्या, रोगट आणि एकमेकींवर घासणाऱ्या फांद्या प्रथम काढाव्यात. उरलेल्या जोमदार फांद्या बाहेरच्या बाजूला असलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरक्या कापाव्यात. कलमाच्या जोडाखालून फुटलेला रानगुलाबाचा फुटवा बुडापासून उपटावा, कारण तो वाढला की मूळ गुलाब मागे पडतो. छाटणीनंतर साधारण दीड-दोन महिन्यांत फुले येतात.

कापलेल्या टोकांना बोर्डो पेस्ट लावण्याचा अनेकांना कंटाळा येतो, पण फांद्या टोकाकडून खाली वाळत जाण्याचा रोग तिने बराच आटोक्यात राहतो. घरापुरती 100 ग्रॅम मोरचूद अर्धा लिटर पाण्यात आणि 100 ग्रॅम चुना अर्धा लिटर पाण्यात, अशी प्लास्टिकच्या वेगवेगळ्या भांड्यांत कालवून नंतर एकत्र करावी. त्यात लोखंडी खिळा बुडवून काढावा. त्यावर तांबूस थर चढला तर चुना कमी पडला असे समजून तो वाढवावा. पेस्ट त्याच दिवशी वापरून संपवावी.

याच वेळी शंखी गोगलगायींकडेही लक्ष द्यावे. मूळची आफ्रिकेतली ही गोगलगाय 1847 मध्ये कोलकात्यात आणली गेली आणि तिथून पसरली. 2022 साली तिने मराठवाड्यात सोयाबीनची कोवळी रोपे फस्त केली होती. पाऊस ओसरल्यावर ती विटांच्या फटींत, कुंड्यांखाली, मातीत दडून बसते, आणि खुरपताना साबुदाण्यासारख्या पिवळसर अंड्यांचे पुंजके सापडतात. ते तिथेच नष्ट केले, तर पुढच्या पावसातला त्रास बराच कमी होतो. ओले गोणपाट संध्याकाळी पसरून सकाळी त्याखालच्या गोगलगायी हातमोजे घालून गोळा कराव्यात आणि मिठाच्या पाण्यात टाकाव्यात. मीठ थेट मातीवर फेकण्याची पद्धत मात्र झाडांच्या मुळावर येते.

हिवाळ्यात कामे थोडी असतात. मोगऱ्याचे पाणी डिसेंबरात कमी करून त्याला विश्रांती द्यावी, जानेवारीअखेर छाटून खत-पाणी सुरू करावे, म्हणजे मार्चपासून कळ्या लागतात. जास्वंदीवर मुंग्यांची रांग दिसली, तर पिठ्या ढेकूण शोधावा. मुंग्या त्याच्या गोड स्रावासाठीच तिथे येतात.

फेब्रुवारी-मार्चच्या पानगळीत सोसायट्यांच्या आवारात पालापाचोळा पेटवून देण्याची खोड अजून गेलेली नाही, हे पाहून वाईट वाटते, कारण एप्रिल-मेच्या उन्हात त्याच पानांचा तीन-चार इंचांचा थर मातीतला ओलावा टिकवतो आणि पाण्याची पाळी लांबवतो. हे आच्छादन खोडाला मात्र टेकू देऊ नये. भोवताली वीतभर जागा मोकळी ठेवावी, विशेषतः आंबा-चिकूच्या नव्या कलमांना, कारण पाचोळ्याच्या आडोशाने वाळवी सालीपर्यंत पोचते आणि पाने मलूल होईपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.