त्रयोदशीची भरती

दसरा आटोपला की कॅलेंडरावर नजर जाते ती दिवाळीची सुट्टी मोजायला. किनाऱ्यावर पक्षी बघणारे मात्र तिथी मोजतात. तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीचा तास मिळतो, हे कोकणातलं जुनं गणित. त्रयोदशीला पावणेदहा. म्हणजे दसऱ्यानंतर तिसरा दिवस, कोजागिरीच्या दोन दिवस अलीकडे. अलिबागजवळच्या आक्षीच्या किनाऱ्यावर जायचं तर तेव्हा.

ओहोटीला पाणी इतकं मागे हटतं की चिखल्या काय नि तुतारी काय, किनाऱ्यावरचे हे छोटे पक्षी सगळे नुसते ठिपके. भरती त्यांना रेटत आपल्यापाशी आणते. त्यांच्यामागे चिखलात फेंगडत जाण्यात अर्थ नाही. साडेसातला सुरूच्या झाडांकडे पाठ करून वाळूत बसकण मारावी. ऊन पाठीमागून येतं. संध्याकाळी तेच पक्षी मावळतीसमोर काळेठिक्कर दिसतात. अष्टमीची भरती सकाळी सहालाच उरकते, आणि तीही भांगाची, पाणी धड वर चढतच नाही.

दुर्बीण ८×४२ पुरे, म्हणजे आठपट मोठं दाखवणारी, ४२ मिमी भिंगाची. दहापटीची समुद्रवाऱ्यात थरथरते. कोपरं गुडघ्यांवर टेकवावीत. काचेवर वाळू आली तर आधी फुंकर, मग ओलसर फडकं. सदऱ्याच्या टोकाने पुसणाऱ्याला दुर्बीण उसनी देऊ नये.

चिखल्या धावतो, थबकतो, टोचतो, पुन्हा धावतो. विणीच्या काळातला छातीवरचा तांबूस रंग ऑक्टोबरपर्यंत बहुतेकांचा उतरलेला असतो, त्यामुळे सगळे सारखेच मातकट. आधी मानेची मागची बाजू बघावी. पांढरी पट्टी तिथून सलग गेली असेल तर केंटिश प्लोव्हर (प्लोव्हर म्हणजे चिखल्याच). नसेल तर छोटा की मोठा सँड प्लोव्हर, यावर चोचीच्या लांबीवरून वाद घालायला भरपूर वेळ असतो. तपकिरी डोक्याच्या कुरवाचं, म्हणजे सीगलचं, डोकं या दिवसांत पांढरं, डोळ्यामागे फक्त एक काळसर ठिपका. नाव ठेवणाऱ्याने उन्हाळ्यात ठेवलं असणार.

भरती पूर्ण झाली की थवा कोरड्या पट्टीवर एका पायावर डुलक्या काढतो. हीच त्यांची विश्रांती, आणि नेमका तेव्हाच कोणाचा तरी कुत्रा सुटतो. थवा उठतो, वळतो, बसतो, पुन्हा उठतो. मालक व्हिडिओ काढत असतात.

पंधरवड्याने पुन्हा त्रयोदशी, भरती पुन्हा पावणेदहाची. पण ती धनत्रयोदशी. चकल्या अर्ध्या टाकून त्या सकाळी घरातून कोण निघू देतंय?