आमची वाटचाल: वागळे इस्टेटचा गाळा ते रबाळे

जनावरांचे आजार तपासायची आमची लॅब सुरू केली तेव्हा आमच्याकडे एक इनक्युबेटर, भांडी निर्जंतुक करायचा एक ऑटोक्लेव्ह, सेकंडहँड मायक्रोस्कोप आणि ठाण्याच्या वागळे इस्टेटमधला भाड्याचा गाळा एवढंच होतं. मी परळच्या व्हेटर्नरी कॉलेजची (१८८६ सालचं कॉलेज, अभिमान आहेच), मायक्रोबायोलॉजीत पीजी केलं आणि स्वतःचंच काहीतरी करायचं हे डोक्यात पक्कं होतं. हिशेब आणि सॅम्पलची ने-आण माझे दीर बघायचे, आजही तेच बघतात. काम म्हणजे कल्चर-सेन्सिटिव्हिटी, दुधाचं नाहीतर शेणाचं सॅम्पल आलं की प्लेटवर जंतू वाढवायचा, कुठलं अँटिबायोटिक लागू पडतं ते लिहायचं, झाला रिपोर्ट. भिवंडी, पडघा, शहापूर, मुरबाडकडून गाई-म्हशी, आणि ठाण्यातल्या सोसायट्यांमधून कुत्री.

मग पडघ्याकडच्या एका तबेल्यातली केस आली. पारडं जन्मलं की दोन-तीन दिवसांत पिवळी पातळ हगवण, डोळे खोल जाणार, आणि संपलं. आम्ही कल्चर केलं, ई-कोलाय नावाचा जंतू आला, रिपोर्ट दिला. मालक वयस्कर गृहस्थ होते, रिपोर्ट हातात धरून म्हणाले, "मॅडम, नाव कळलं हो, पण यानेच मेलं का ते सांगा ना." आणि त्यांचं म्हणणं शंभर टक्के बरोबर होतं, कारण ई-कोलाय प्रत्येक धडधाकट पारडाच्या आतड्यातही असतोच, तो सापडला म्हंजे काहीच सिद्ध होत नाही. गावात शंभर माणसं असतात, हत्यार कोणाकडे आहे ते बघावं लागतं, तसंच आहे हे. त्या जंतूकडे के-९९ नावाची चिकटायची झालर आणि एसटीए नावाचं टॉक्सिन (विष) तयार करणारे जीन्स आहेत का, खरा प्रश्न हा. झालरीने तो लहान आतड्याच्या अस्तराला चिकटतो, टॉक्सिनमुळे अंगातलं पाणी आतड्यात ओढलं जातं, आणि हे मुख्यतः पहिल्या तीन-चार दिवसांतच होतं, कारण वय वाढतं तशी झालरीला चिकटायची जागा कमी होत जाते. प्लेटवर मात्र हत्यारवाला आणि साधा, दोन्ही ई-कोलाय सारखेच गुलाबी दिसतात.

तिथून पीसीआरचं घेतलं, म्हंजे जंतूच्या डीएनएमधला हवा तो जीन शोधून त्याच्या भरपूर प्रती काढायचं तंत्र. तंत्र काही नवीन नव्हतं, कॅरी म्युलिस यांना १९८३ मध्ये सुचलं आणि १९९३ मध्ये त्यासाठी नोबेलही मिळालं, पण आमच्यासारख्या छोट्या लॅबला मशीन, डीप फ्रीजर, जेलचा (ज्यात डीएनए रेघांसारखा वेगळा दिसतो) सेटअप हा खर्च मोठा होता, आणि शिवाय जागा, कारण डीएनए काढायची खोली वेगळी, मिक्स भरायची वेगळी, जेल चालवायची वेगळी लागते, नाहीतर आधीच्या सॅम्पलचा डीएनए पुढच्यात जातो आणि सगळंच पॉझिटिव्ह यायला लागतं. वागळेच्या गाळ्यात ते शक्यच नव्हतं म्हणून रबाळे एमआयडीसीत आलो. बँकेचं लोन, घरातलं थोडं सोनं, आणि इन्व्हर्टर आधी घेतला मग मशीन, कारण शुक्रवारी लाईट गेली की चालू रन वाया जातो.

पहिल्यांदा के-९९ चा बँड, म्हंजे जेलवरची रेघ, दिसला तो क्षण मला अजून स्पष्ट आठवतो. अंधाऱ्या खोलीत ट्रान्सइल्युमिनेटरवर (खालून अतिनील प्रकाश देणाऱ्या पेटीवर) जेल ठेवलं, डावीकडे मोजपट्टीसारखी लॅडर, मग पॉझिटिव्ह कंट्रोलची (जीन नक्की असलेल्या नमुन्याची) रेघ, निगेटिव्ह कंट्रोलची (जीन नसलेल्याची) लेन पूर्ण काळी, आणि त्याच पडघ्याच्या तबेल्यातून नव्याने आलेल्या सॅम्पलमध्ये कंट्रोलच्या बरोब्बर रांगेत चमकणारी केशरी रेघ. एसटीएचीही आली. मग मालकांना सांगता आलं की आता नुसतं अँटिबायोटिक बदलत बसू नका, डॉक्टरांकडून पाणी आणि क्षार भरून घ्या, व्यायची जागा कोरडी ठेवा, आणि पारडं उठलं की पहिल्या दोन तासांत चीक पाजा, म्हैस जार टाकायची वाट बघत बसू नका. चीक उशिरा पाजायची पद्धत आपल्याकडे अजून आहे आणि त्यात फार पारडी जातात, हे मी जिथे जाईन तिथे सांगते.

निगेटिव्ह रिपोर्टचीही किंमत तेवढीच आहे. दोन्ही जीन नाहीत म्हंजे रोटाव्हायरस बघा, क्रिप्टो हा परजीवी बघा, दुधाची भांडी बघा.

बोकडांचं तर अजून अवघड. बकरी ईदच्या आधी भिवंडी-कल्याणकडे बोकड येतात, एकदम दाणा वाढवला जातो, आणि चांगलं धष्टपुष्ट जनावर सकाळी मेलेलं सापडतं. आतड्यात क्लोस्ट्रिडियम परफ्रिंजन्स हा जंतू मिळतो, पण तो निरोगी जनावरातही असतो आणि मेल्यावर तर भराभर वाढतो. अल्फा टॉक्सिनचा जीन त्याच्या सगळ्याच टाइपमध्ये असतो, त्याने काही कळत नाही. बोकडांच्या आंत्रविषारासाठी (आतड्यातल्या या विषबाधेसाठी) एप्सिलॉन टॉक्सिनचा जीन शोधायचा, म्हंजे बहुतेक टाइप डी. आणि तो सापडला तरी तेवढ्यावर आम्ही शिक्का मारत नाही, कारण जीन असणं आणि त्यातून टॉक्सिन तयार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, पोस्टमॉर्टेम काय सांगतं, लस टोचली होती का, हे डॉक्टरांशी बोलूनच रिपोर्टवर शेरा लिहितो. नुसतं पॉझिटिव्ह-निगेटिव्ह लिहून मोकळं होणं मला पटत नाही.

कासदाहाचं, म्हंजे कासेला सूज येण्याचं, काम आमच्याकडे सगळ्यात जास्त. दुधात स्टॅफ ऑरियस हा जंतू आहे का ते नुक जीनवरून पक्कं करतो, कारण तो असेल तर दूध काढणाऱ्याच्या हातांनी एका म्हशीकडून दुसरीकडे जातो, म्हणून ती म्हैस सगळ्यात शेवटी पिळायची आणि पिळून झालं की सडांना टीट डिप करायचं, म्हंजे सडं जंतुनाशकात बुडवायची. काहींमध्ये लुक-एम हा जीनही मिळतो, त्याचं टॉक्सिन गाई-म्हशी-शेळ्यांच्या पांढऱ्या पेशींवर तुटून पडतं.

कोविडमध्ये हाल झाले, पिपेटच्या टिप्स आणि पीसीआरचे एन्झाइम मिळेनात, मिळाले तर भाव भलतेच. पण त्यानंतर एक झालं, पीसीआर म्हंजे काय हे कोणाला समजवावं लागत नाही, मुरबाडचा शेतकरी स्वतःच विचारतो.

एक काम आम्ही घेत नाही, फाशीचा (अँथ्रॅक्स रोगाचा) संशय असलेलं सॅम्पल. त्या जंतूच्या टॉक्सिनचे जीन्स एका प्लास्मिडवर (जंतूतल्या डीएनएच्या सुट्या कड्यावर) आणि कवचाचे दुसऱ्यावर, दोन्ही असतील तेव्हाच तो पूर्ण घातक, आणि लसीच्या स्टर्न स्ट्रेनमध्ये कवचाचं प्लास्मिड नसतं, म्हणून ती देता येते. शास्त्र सुंदर आहे, पण आमची लॅब त्या तोडीची सुरक्षित नाही. जनावर अचानक मेलं, नाका-गुदातून न गोठणारं काळपट रक्त आलं, तर चिरू नका, सरकारी पशुवैद्यकांना लगेच कळवा, जनावरांच्या संसर्गजन्य रोगांबद्दलच्या २००९ च्या कायद्याने असा रोग कळवणं बंधनकारक आहे.

सध्या पावसाळ्यासाठी कुत्र्यांच्या लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिस या रोगाच्या) तपासणीची तयारी चालू आहे, लिप-एल-३२ जीनवर. त्यासाठी आणि बाकी सगळ्यासाठीच सांगते, सॅम्पल अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी घ्या. लेप्टोला पहिल्या आठवड्यात रक्त, नंतर लघवी. थर्माकोलच्या डब्यात आइस पॅक घाला, नळीवर जनावराचं वय आणि किती दिवसांपासून आजारी आहे ते लिहा. दीर रोज संध्याकाळी कल्याणची फेरी करतात, त्यांच्याकडे दिलंत तरी चालेल.