ठोकली की लागली?

आमच्या सोलापुरात सात रस्त्याच्या चौकात दोन मोटारसायकली एकमेकींना घासल्या तर पुढं काय होणार, हे नुकसानीवर ठरत नाही. आधी तोंड उघडणारा कुठलं क्रियापद वापरतो, त्यावर ठरतं. "ओ भाऊ, लागली की गाडी," असं तो म्हणाला तर दोघंही खाली वाकून इंडिकेटर बघतात, एकजण ओरखड्यावर थुंकी लावून अंगठा फिरवतो, आणि सिग्नल हिरवा व्हायच्या आत प्रकरण "जाऊ द्या"वर मिटतं. तोच "ठोकलास की बे!" म्हणाला तर दोन्ही गाड्या भर चौकात स्टँडवर चढतात, मागं रिक्षांचे हॉर्न सुरू होतात, आणि "डोळे काय घरी ठेवलास काय?" हे आमच्याकडचं पुढचं ठरलेलं वाक्य येतं. "उडवलं" हा शब्द निघाला की संपलंच. बघ्यांचे मोबाइल बाहेर येतात.

आणि बघ्यांचं म्हणाल तर त्यांना काय दिसलं हेसुद्धा शब्दाबरोबर हलतं. हे मी पदरचं सांगत नाही. 1974 साली अमेरिकेत एलिझाबेथ लॉफ्टस आणि जॉन पामर या मानसशास्त्रज्ञांनी विद्यार्थ्यांना मोटार अपघातांच्या छोट्या फिल्म दाखवल्या आणि विचारलं, गाड्या किती वेगात होत्या? प्रश्न सगळ्यांना एकच, क्रियापद तेवढं वेगळं. ज्यांना 'गाड्या एकमेकींवर आदळून चक्काचूर झाल्या तेव्हा' अशा थाटात विचारलं, त्यांचा सरासरी अंदाज ताशी 40.8 मैल निघाला. ज्यांना 'एकमेकींना टेकल्या तेव्हा' असं विचारलं, त्यांचा 31.8. म्हणजे साधारण 66 किलोमीटर आणि 51 किलोमीटर. फिल्म त्याच. दुसऱ्या एका गटाला आठवड्यानं बोलावून विचारलं, फुटलेल्या काचा दिसल्या का? जोरदार शब्द ऐकलेल्या 50 जणांपैकी 16 जण 'हो' म्हणाले, साधा शब्द ऐकलेल्या 50 पैकी 7. फिल्ममध्ये काच फुटलेलीच नव्हती.

आमच्या चौकात हा प्रयोग रोज चालतो, फक्त कुणी लिहून ठेवत नाही. "ठोकलं तेव्हा किती स्पीडला होता बे तो?" "ऐंशीला असणार की!" त्या गर्दीत ऐंशीनं जाऊन दाखवणाऱ्याचा खरं तर हार घालून सत्कार करायला हवा.

मराठीनं आपल्याला एक सोय करून ठेवलीय. कप फुटतो. दूध उतू जातं. किल्ली राहते. मीठ जास्त होतं. या सगळ्या घटनांमध्ये माणूस कुठंच नाही, जणू घरातल्या वस्तू आपापल्या मर्जीनं वागतात. 'कप फोडलास' म्हटलं की मात्र घरात एक आरोपी उभा राहतो, आणि आरोपी उभा राहिला की त्याचा वकीलही तोच होतो. मग कप बाजूला राहतो आणि ओटा किती निसरडा आहे, कप तिथं ठेवला कुणी, यावर अर्धा तास जातो.

माझी आत्या या बाबतीत फार पोचलेली. शेंगाचटणी ती अजून उखळात कुटते. भाजलेले शेंगदाणे, लसूण, तिखट, मीठ, जिरं, आणि तेल सुटून चटणीचा गोळा बत्त्याला चिकटायला लागेपर्यंत हात थांबवायचा नाही. अलीकडं खांदा दुखतो म्हणून हे काम सुनेकडं आलं. पहिल्या खेपेची चटणी आत्यानं कडक भाकरीच्या तुकड्यावर घेतली, डोळ्यांत टचकन पाणी आलं, आणि म्हणाली, "जरा तिखट झालीय गं. दह्यासंगं झकास लागंल." 'केलीस' नाही, 'झालीय'. सून हसली, दही घेऊन आली, आणि किती चमचे तिखट पडलं ते आपणहून सांगितलं. 'केलीस' म्हटलं असतं तर तो आकडा बाहेर आला नसता, आणि पुढची चटणी आणखी तिखट झाली असती.

हीच सोय कचेरीतल्या टेबलापलीकडं गेली की मात्र डोकं फिरतं. "तुमचं काम राहून गेलं." कुणाकडून? ते वाक्यात नाहीच. फाइल स्वतःच्या पायांनी चालत जाऊन कपाटात बसली असावी. "साहेबांच्या सहीला गेलं होतं, पण परत आलं नाही." आलं नाही म्हणजे काय, रुसलंय? तिथं मला 'मी विसरलो' एवढं ऐकायचं असतं, आणि ते ऐकायला मिळालं तर मी परत एक चक्कर मारायलाही तयार असतो. माझा आपला हिशेब असा, की 'झालं' हा शब्द दुसऱ्याला द्यायला ठेवावा, स्वतःसाठी वापरला की त्याचा वास येतो. आत्याच्या हातून कालवणात मीठ जास्त पडतं तेव्हा ती सरळ म्हणते, "मीच घातले बाई."

आता 'की'. हा एकाक्षरी शब्द आमच्या भागातल्या मराठीतून काढला तर निम्मा पाहुणचार संपेल. 'बसा' ही परवानगी झाली. 'बसा की' म्हणजे सांगणाऱ्यानं खुर्ची अर्धी ओढलेली असते. 'जेवा' म्हटल्यावर "नको, आत्ताच खाऊन आलोय" म्हणता येतं, 'जेवा की' म्हटल्यावर निदान एक भाकरी मोडावी लागते. याच्यापुढं 'कृपया' हा शब्द मला कायम परका वाटत आला आहे. कृपयानं सुरू होणाऱ्या पाटीच्या तळाशी सहसा दंडाची रक्कम असते.

आणि 'बे'. सोलापुरात तो मैत्रीचा दाखला असतो. ज्याला 'बे' म्हणता येत नाही तो अजून पुरता मित्र झालेला नाही. पुण्याला शिकायला गेलेला माझा भाचा पहिल्याच आठवड्यात खोलीतल्या मुलाला प्रेमानं "काय करलालास बे?" म्हणाला आणि तो मुलगा दोन दिवस बोलला नाही. आता भाचा हुतात्मा एक्सप्रेसमध्ये बसला की पुण्याच्या अलीकडं 'बे' खिशात घालतो आणि परतीच्या गाडीत काढतो.

हाक मारण्यातही आमचं गाव तयार आहे, कारण इथं मराठी, कन्नड, तेलुगू, उर्दू सगळ्यांनाच थोडी थोडी येते. ज्यांच्या गड्ड्याच्या जत्रेला संक्रांतीत अख्खं शहर लोटतं, त्या संत सिद्धरामेश्वरांची वचनं, म्हणजे भक्तिरचना, कन्नडमध्ये आहेत आणि जत्रेतली घासाघीस चारही भाषांत चालते. मंडईत "ओ भाजीवाल्या" म्हणून बघा, मेथीची वरची पेंढी मिळेल. "अक्का, चांगली बघून द्या की" म्हणा, हात खालच्या ढिगात जातो. तेलुगू विणकरांच्या पूर्व भागात चादर घ्यायला गेलात तर 'अण्णा' म्हणायचं. भाव उतरेलच असं नाही, पण फळीवरचा दुसरा गठ्ठा खाली येतो.

'पण'बद्दल फार बोलत नाही. 'भाजी छान झालीय, पण...' यातलं 'छान' आजवर कुणालाही ऐकू आलेलं नाही. उलटं म्हणून बघावं: 'मीठ कमी आहे, पण भाजी छान झालीय.' शब्द तेवढेच लागतात.

उजनी धरणाचं पाणी आमच्या नळाला रोज येत नाही, हे सोलापूरकराला सांगायला नको. ज्या दिवशी येतं त्या दिवशी अपार्टमेंटमधल्या टाक्या वाहतात, आणि मग ग्रुपवर मेसेज पडतो. 'काही सभासद निष्काळजीपणे पाणी वाया घालवत आहेत, हे निदर्शनास आले आहे.' हा वाचून प्रत्येक जण शेजाऱ्याच्या दाराकडं बघतो. 'काही सभासद' म्हणजे आपण, असं आजवर कुणालाही वाटलेलं नाही. मग तिसऱ्या मजल्यावरच्या काकांनी एकदा लिहिलं, 'आपलं पाणी चाललंय खाली. एकदा आपापला कॉक बघून घेऊ या का?' जिन्यात चपला वाजल्या. दोघं-तिघं तर हातात टॉर्च घेऊन वर गेले. टाक्या वाहायच्या पूर्ण थांबल्या म्हणणार नाही, तेवढी ताकद कुठल्याच सर्वनामात नसते.

शेवटी आमच्या डॉक्टरांचं सांगतो. आईला साखरेचा त्रास. आधीच्या डॉक्टरांकडं दर खेपेला एकच प्रश्न असायचा, "गोळ्या वेळेवर घेता ना?" या 'ना'ला नाही म्हणणारा पेशंट अजून जन्मायचाय. "घेते की," आई ठामपणे म्हणायची. रिपोर्टमधली साखर वेगळंच बोलायची, डॉक्टर गोळीचा डोस वाढवायचे, आणि ती वाढीव गोळीही डब्यातच राहायची. नवीन डॉक्टरीणबाई वयानं लहान. त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि विचारलं, "अक्का, रोजच्या रोज गोळी घेणं काय कुणाला जमत नाही. गेल्या आठवड्यात तुमच्या किती चुकल्या असतील?"

आईनं बोटं मोजली. सोमवारी उपास होता, गुरुवारी अक्कलकोटला गेली होती, शनिवारी लग्न.

"तीन," ती म्हणाली. मग माझ्याकडं एकदा बघून घेतलं. "रात्रीच्या पण सांगायच्या काय?"