‘पिंक मून’ आणि त्याच्यावर लादलेले दुःख

निक ड्रेकचा ‘पिंक मून’ हा अल्बम ज्यांनी ऐकला आहे, त्यांपैकी बहुतेकांपर्यंत आधी त्याची गोष्ट पोहोचलेली असते आणि गाणी नंतर. गोष्ट थोडक्यात अशी: एक अबोल, विलक्षण गुणी इंग्रज तरुण, तीन अल्बम, पण एकालाही गिऱ्हाईक नाही, मग नैराश्य, लंडन सोडून आईवडिलांच्या घरी परतणे, आणि २५ नोव्हेंबर १९७४ रोजी, वयाच्या सव्विसाव्या वर्षी, मृत्यू. ‘पिंक मून’ हा त्यातला तिसरा आणि शेवटचा अल्बम असल्यामुळे तो निरोपाची चिठ्ठी म्हणून ऐकण्याचा प्रघातच पडला आहे. मी हा अल्बम बरीच वर्षे ऐकत आलो आहे, आणि हा प्रघात मला मुळीच मान्य नाही. निक आजारी होता हे खरे, आणि या गाण्यांत अंधार आहे हेही खरे. पण पूर्ण ताबा असलेल्या कलावंताने विचारपूर्वक केलेले काम आणि रुग्णाचे टिपण यांत जो फरक असतो, तो या गोष्टीच्या नादात पुसला जातो.

ध्वनिमुद्रणाची हकीकतच पाहा. ऑक्टोबर १९७१ मध्ये निकने जॉन वूड यांना फोन करून आपल्याला ध्वनिमुद्रण करायचे आहे, असे कळवले. वूड हे लंडनच्या चेल्सी भागातल्या ‘साउंड टेक्निक्स’ या स्टुडिओचे ध्वनिमुद्रक. जुन्या डेअरीच्या इमारतीत थाटलेला हा स्टुडिओ त्या काळच्या इंग्रजी फोक संगीताचे माहेरघर होता. दिवसा तिथे इतरांची कामे चालत, म्हणून रात्री अकरानंतरची वेळ ठरली आणि दोन रात्रींत सगळे उरकले. स्टुडिओत हे दोघेच होते. निक गात होता आणि गिटार वाजवत होता, वूड ते टेपवर घेत होते. वाद्यमेळाचे काय, या प्रश्नाला ‘काही नको’ एवढेच उत्तर होते. संपूर्ण अल्बममध्ये नंतर वरून चढवलेली गोष्ट एकच: शीर्षकगीतातला पियानो, आणि तोही निकनेच वाजवलेला. २५ फेब्रुवारी १९७२ रोजी आयलंड रेकॉर्ड्सने अकरा गाण्यांचा हा अल्बम बाजारात आणला. त्याची एकूण लांबी जेमतेम अठ्ठावीस मिनिटे आहे.

हा उघडेपणा आजारातून आला, असे सर्रास लिहिले जाते. तारखा मात्र वेगळे सांगतात. १९६९ च्या ‘फाइव्ह लीव्ह्ज लेफ्ट’ या पहिल्या अल्बममध्ये केंब्रिजमधला त्याचा मित्र रॉबर्ट कर्बी याने व्हायोलिन-चेलोंचे अप्रतिम संयोजन केले होते. १९७१ च्या ‘ब्रायटर लेटर’मध्ये तर ड्रम्स, बास, सॅक्सोफोन, बासरी असा भरगच्च थाट होता; फेअरपोर्ट कन्व्हेन्शन या इंग्रजी फोक-रॉक बँडमधले वादक होते, दोन गाण्यांत ‘वेल्व्हेट अंडरग्राउंड’ या बँडमधला जॉन केल होता. निर्माते जो बॉइड यांना तो अल्बम अतिशय प्रिय होता. निकला तो फार सजवलेला वाटला, आणि पुढच्या खेपेला फक्त मी आणि गिटार, हे त्याने बॉइड यांना तेव्हाच सांगून टाकले होते. पुढे बॉइड आपली कंपनी विकून अमेरिकेला निघून गेले. त्यांच्या जाण्याने निक एकटा पडला यात शंका नाही, पण ‘पिंक मून’चा आराखडा त्या एकटेपणाच्याही आधी ठरलेला होता. वाद्यमेळ परवडला नाही किंवा जमला नाही म्हणून तो वगळला गेला नाही. तो नको होता म्हणून वगळला गेला.

इथे थोडे विषयांतर करतो, कारण त्यात मुंबईचे नाव येते. निकचा जन्म १९ जून १९४८ चा, रंगूनमधला. त्याचे वडील रॉडनी ड्रेक हे बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशनमध्ये अभियंता होते. वॉलेस बंधूंनी १८६३ मध्ये स्थापन केलेली, ब्रह्मदेशातल्या सागवानावर मोठी झालेली हीच ती कंपनी, जिच्या लाकडाच्या वादाचे निमित्त करून ब्रिटिशांनी १८८५ मध्ये मंडाले घेतले. आज ती वाडिया समूहाकडे आहे. निकची मोठी बहीण गॅब्रिएल, जी पुढे अभिनेत्री झाली, तिचा जन्म लाहोरचा. कुटुंब पन्नाशीच्या दशकाच्या सुरुवातीला इंग्लंडला परतले आणि वॉरिकशरमधल्या टॅनवर्थ-इन-आर्डन या खेड्यात स्थायिक झाले. माझ्या दृष्टीने या घरातली खरी महत्त्वाची व्यक्ती म्हणजे आई, मॉली ड्रेक. ती पियानोवर स्वतःची गाणी रचून गात असे, केवळ घरच्यांसाठी, आणि रॉडनी ती घरच्याच टेपरेकॉर्डरवर मुद्रित करत. तिच्या मृत्यूनंतर कितीतरी वर्षांनी ती गाणी प्रसिद्ध झाली. ती ऐकली की निकच्या चालींमधली ती अर्ध्यावर थबकणारी, हळूच खाली उतरणारी वळणे कुठून आली हे विचारावे लागत नाही. त्याचे औदासीन्यसुद्धा बरेचसे घरातून, आईच्या शैलीतून आलेले आहे; ते सगळे वैद्यकीय खात्यात जमा करण्याचे कारण नाही.

आता गिटारकडे वळू. या अल्बमचे मर्म तिथे आहे आणि त्याबद्दलच सर्वांत कमी बोलले जाते. निक गिटारच्या तारा नेहमीच्या पद्धतीने लावत नसे. गाण्यागणिक त्या वेगळ्या जुळवी. शीर्षकगीतात सर्वांत जाड तार दोन स्वर खाली उतरवलेली आहे, आणि तिला षड्ज मानून खालून वर गेले तर सहा तारा सा-प-सा-म-सा-ग अशा लागतात. म्हणजे तीन तारा षड्जाच्या. डाव्या हाताचे एखादेच बोट हलले तरी बाकीच्या तारा मोकळ्या झंकारत राहतात, आणि एका गिटारीतून जो भरीवपणा निघतो तो याच मोकळ्या तारांचा. याचा तोटा असा की मंचावर प्रत्येक गाण्याआधी तारा नव्याने लावत बसावे लागे, तेवढ्यात श्रोते गप्पांना लागत, आणि दोन शब्द बोलून वेळ मारून नेणे निकच्या स्वभावात नव्हते. १९७० नंतर त्याने मंचावर गाणे जवळजवळ सोडूनच दिले.

‘रोड’ हे दोन मिनिटांचे गाणे हेडफोन लावून ऐका. अंगठा खालच्या तारांवर आपल्या चालीने न थांबता धावत आहे, इतर बोटे वरच्या तारांवर वेगळीच गुंफण करत आहेत, आणि या दोहोंवर आवाज असा पडतो की ओळ तालाच्या ठोक्यावर सुरू न होता किंचित मागून येते. दोन गिटारवादक असावेत असा भास होतो. हे सगळे एकाच माणसाने, एकाच वेळी, रात्री अकरानंतर, जवळपास कसलीही दुरुस्ती न करता वाजवले आहे. ज्यांनी गिटार हाती धरली आहे त्यांनी हे करून पाहावे. आठवडाभर अंगठ्याचेच जमत नाही आणि गाण्याची पाळी तर येतच नाही. या गाण्याचा आशयही ऐकण्यासारखा आहे: तुला सूर्य दिसत असेल तर खुशाल म्हण, मला चंद्र दिसतो, तुझा रस्ता ताऱ्यांकडे जात असेल, माझा मला निभावून नेईल. निभावून नेणारा रस्ता मागणाऱ्या माणसाचे हे गाणे शेवटच्या चिठ्ठीत कसे बसते, हे मला कोणी समजावून सांगावे.

‘प्लेस टु बी’मध्येही असेच एक वळण आहे, जे अनेकांच्या नजरेतून निसटते. लहानपणी सत्य दिसले नव्हते, आता मोठा झालो आणि ते समोरासमोर उभे आहे, अशी भारी ओळ येते. आणि तिच्या पाठोपाठ, अगदी त्याच चालीवर, आता उठून घर साफ केले पाहिजे, अशी ओळ येते. इतक्या गंभीर शोधानंतर केरवारे! हा मिश्कीलपणा निकच्या शांत आवाजामुळे लपतो. ‘पॅरासाइट’मध्ये तो स्वतःला या शहरावरचे बांडगूळ म्हणवून घेतो, पण तिथेही नजर तल्लख आहे: भुयारी रेल्वेच्या नॉर्दर्न लाइनकडे जाणाऱ्या जिन्यावर तो लोकांच्या बुटांची चकाकी निरखतो. स्वतःत पार बुडालेल्या माणसाला दुसऱ्यांचे बूट दिसत नाहीत.

‘हॉर्न’ या शब्दविरहित तुकड्याबद्दल मात्र माझ्याजवळ फारसे बोलण्यासारखे नाही; तो ऐकावा आणि पुढे जावे. ‘नो’मध्ये (Know, म्हणजे ‘जाण’) गिटारवर एकच लहानसा तुकडा अखेरपर्यंत फिरत राहतो, एकतारीवर धरलेल्या सुरासारखा, आणि त्यावर बराच वेळ नुसते गुणगुणणे चालते, शब्द येतात ते अवघ्या चार ओळींपुरते. कवितेत काटछाट कशी करावी हे शिकवायचे असेल तर हा उत्तम नमुना आहे.

शीर्षकगीतातला पियानो हा मला या अल्बममधला सर्वांत धाडसी निर्णय वाटतो. गिटारच्या छेडीवर गाणे सुरू होते, गुलाबी चंद्र येतो आहे आणि तो कुणालाच सोडणार नाही, असा इशारा अत्यंत सौम्य आवाजात दिला जातो. आणि मग आवाज थांबतो तेव्हा पियानोचे मोजकेच स्वर खाली ओघळतात. पुढची सव्वीस मिनिटे पुरतील इतके ते स्वर आहेत, कारण त्यानंतर पूर्ण अल्बममध्ये पियानो पुन्हा येत नाही. श्रोता नकळत त्याची वाट पाहत राहतो. संयम आणि हिशेब असल्याशिवाय असे करता येत नाही.

शेवटचे गाणे ‘फ्रॉम द मॉर्निंग’. उजाडलेला दिवस, जमिनीवरून उठणे, खेळ शिकणे, रंगीत उन्हाळी रात्री, असे ते स्वच्छ प्रकाशाचे गाणे आहे, आणि त्यातली गिटार अल्बममधल्या सर्वांत हलक्या, उड्या मारणाऱ्या चालीची आहे. टॅनवर्थच्या चर्चच्या आवारातल्या निकच्या थडग्यावर याच गाण्यातले शब्द कोरलेले आहेत. घरच्यांनी त्याच्या असंख्य उदास ओळी बाजूला ठेवून ही निवडली, याचे मला नेहमी बरे वाटते. त्यांनी अल्बम नीट ऐकला होता.

लोकांनी मात्र तो उशिरा ऐकला. निकच्या हयातीत त्याच्या कोणत्याही अल्बमच्या काही हजारांपलीकडे प्रती खपल्या नाहीत. १९९९ च्या अखेरीस फोक्सवॅगनने उघड्या छताच्या एका मोटारीच्या जाहिरातीत शीर्षकगीत वापरले: चांदण्या रात्री चार तरुण गाडीतून एका पार्टीला जातात आणि दारातला गोंगाट पाहून आत न जाता पुन्हा रस्त्याला लागतात. अमेरिकेत अल्बमचा खप एकदम अनेक पटींनी वाढला. मोटार विकण्यासाठी हे गाणे वापरल्याबद्दल तेव्हा अनेक चाहते रागावले होते. मला विचाराल तर त्या जाहिरात करणाऱ्यांनी हे गाणे बऱ्याच समीक्षकांपेक्षा चांगले ऐकले होते. त्यांना त्यात मृत्यू ऐकू आला नाही, रात्रीचा गारवा ऐकू आला.

आजाराने निकच्या संगीताचे खरोखर काय केले, हे जाणून घ्यायचे असेल तर १९७४ मधली ध्वनिमुद्रणे ऐकावीत. बॉइड आणि वूड यांच्यासोबत त्याने तेव्हा मोजकीच गाणी केली. त्या वेळी त्याला एकाच वेळी गाणे आणि वाजवणे जमेना. आधी गिटार मुद्रित करावी लागली आणि गळा नंतर स्वतंत्रपणे घ्यावा लागला. ज्याने तीन वर्षांपूर्वी ‘रोड’ एका दमात वाजवले होते, त्याच्या बाबतीत हे घडले. या दोन ध्वनिमुद्रणांमधले अंतर ज्याने कानांनी मोजले आहे, त्याला नैराश्याने ‘पिंक मून’ घडवला, असे म्हणवणार नाही. नैराश्य आले आणि हे वाजवणे गेले, एवढाच त्याचा क्रम आहे.

हा अल्बम निर्दोष आहे, असे मात्र मी म्हणणार नाही. ‘हार्वेस्ट ब्रीड’ मला अपुरे वाटते, आणि ‘फ्री राइड’ची चाल चांगली असूनही ती आणखी एका कडव्याची हक्कदार होती. नवख्या श्रोत्याने सुरुवात कुठून करावी, असे कोणी विचारले तर मी शीर्षकगीताऐवजी ‘थिंग्ज बिहाइंड द सन’ सुचवतो. रोखून पाहणाऱ्यांपासून सांभाळून राहा, असे एखाद्या धाकट्या भावंडाला समजावल्यासारखे ते गाणे आहे. अल्बममधले ते सर्वांत लांब, जुने आणि पूर्ण पिकलेले. बॉइड यांना ते ‘ब्रायटर लेटर’मध्येच हवे होते, निकने दिले नाही. त्यावर व्हायोलिने चढली असती तर ते कसे झाले असते, याची कल्पना करून पाहिली की त्याने ते राखून का ठेवले असावे, याचा अंदाज येतो.